वेगळी खोली नसलेल्या बालरुग्ण वॉर्डात आरएसव्ही शिरलाय, सुरुवात कुठून करायची?

इन्चार्ज_दुपारपाळी

२४ खाटांचा बालरुग्ण वॉर्ड. १०-१० खाटांचे दोन हॉल, मधे कॉरिडॉर, आणि हॉल १ ला लागून काचेच्या पार्टिशनमागे ४ खाटांचं एचडीयू (जास्त लक्ष लागणाऱ्या बाळांचा कक्ष). एचडीयूत स्प्लिट एसी. हॉलमध्ये पंखे आणि खिडक्या, पण झड आत येते म्हणून खिडक्या सध्या बंद. स्वतंत्र खोली एकच आहे, तिथे गोवराचा संशयित रुग्ण आहे, त्यामुळे ती मोकळी होणार नाही.

९ दिवसांपूर्वी हॉल १ मध्ये खाट ४ वर तीन महिन्यांचं बाळ ब्रॉन्किओलायटिस (बारीक श्वासनलिकांची सूज) म्हणून दाखल झालं, आरएसव्ही (तान्ह्या बाळांना श्वासाचा त्रास देणारा विषाणू) पॉझिटिव्ह. काल शेजारच्या खाट ५ वरच्या बाळाला (जुलाबासाठी दाखल, ६ दिवस झाले) आणि आज हॉल २ मधल्या खाट १७ च्या बाळाला (फिट्ससाठी दाखल, ११ दिवस झाले) खोकला नि सर्दी. दोघांचे स्वॅबही आरएसव्ही. खाट ५ चं समजू शकतं, पण कॉरिडॉर ओलांडून १७ पर्यंत हा विषाणू गेला कसा?

वरून तीन सूचना आल्यात: दोन्ही हॉल रिकामे करून फ्युमिगेशन करा, खोकणारी सगळी मुलं हॉल २ मध्ये हलवा, नातेवाइकांना पूर्ण बंदी करा. यातलं काय करावं, काय करू नये? रात्रपाळीला दोन्ही हॉल मिळून एकच सिस्टर असते, हे धरून सांगा.

संसर्ग_नियंत्रण

सिस्टर, तिन्ही सूचना जशाच्या तशा राबवू नका. दुसरी तर अजिबात नको.

आधी हे वॉर्डातलंच आहे का ते बघू. आरएसव्हीचा अधिशयन काळ (लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा) २ ते ८ दिवस, बहुतेकदा ४ ते ६. खाट ५ चं बाळ संसर्ग घरून घेऊन आलेलं असू शकतं, पण १७ बद्दल शंका नको. ११ दिवस वॉर्डात असलेल्या बाळाला तो वॉर्डातच लागला. दोन संबंधित केस म्हणजे उद्रेक धरायचा, तिसऱ्याची वाट बघायची नाही.

१७ पर्यंत गेला कसा? बहुधा हातांवरून. अमेरिकेत रॉचेस्टरला केलेला एक प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाला, तो आजही वॉर्डात सांगण्यासारखा आहे. आरएसव्ही झालेल्या बाळांना कडेवर घेऊन त्यांचं सगळं करणारे ७ जण, त्यांपैकी ५ जणांना लागण. बाळ खोलीत नसताना नुसत्या तिथल्या वस्तूंना हात लावून मग स्वतःच्या नाका-डोळ्यांना लावणारे १०, त्यांपैकी ४ जणांना लागण. बाळापासून सहा फुटांपेक्षा लांब नुसते बसलेले १४, एकालाही नाही. पुढे बाळांच्या आसपासच्या हवेतही हा विषाणू सापडला आहे, त्यामुळे हवा विसरायची नाही. पण पहिला संशय हातावर आणि हातातल्या वस्तूवर. गुळगुळीत कठीण पृष्ठभागावर तो ६ तासांपर्यंत टिकतो, रबरी ग्लोव्हवर दीड तास, कापडावर अर्धा-पाऊण तास, कातडीवर २० मिनिटांपर्यंत. हॉल १ मधून हॉल २ मध्ये चालत जायला किती वेळ लागतो? मिनिटही नाही.

आता आजच्या पाळीत करायचं ते. मुलांचे तीन गट पाडा: पॉझिटिव्ह (३), त्यांच्याबरोबर हॉलमध्ये राहिलेली पण लक्षणं नसलेली, आणि आजपासून येणारी नवी. तिन्ही एकमेकांत मिसळायची नाहीत. पॉझिटिव्ह तिघं हॉल १ च्या एका टोकाला आणा. त्यांच्या आणि पुढच्या खाटेच्या मधे एक खाट रिकामी ठेवा, जमिनीवर लाल टेप मारा. इतर खाटांमध्ये कडेपासून कडेपर्यंत किमान १ मीटर, जमलं तर २. त्यासाठी चार-पाच खाटा कमी कराव्या लागल्या तर करा. एवढ्या खाटा कमी का, असं वर विचारलं जाईल. टेपने अंतर मोजून लेखी द्या.

खोकणारी सगळी मुलं एकत्र का नकोत? पावसाळ्यात वॉर्डात एकाच वेळी आरएसव्ही, फ्लू, ऱ्हायनो, अडिनो असं सगळंच असतं. खोकला म्हणून एकत्र ठेवलं की आरएसव्हीच्या बाळाला फ्लू मिळतो आणि फ्लूच्या मुलाला आरएसव्ही. विषाणू ठरला तरच एकत्र, नाहीतर आपल्या जागी पडदा ओढून अंतरावर.

पॉझिटिव्ह गटाला दिवसपाळीत एकच सिस्टर द्या. रात्री एकटी असेल तर क्रम ठरवून द्या: आधी नवे, मग संपर्कातले, शेवटी पॉझिटिव्ह. हाच क्रम राउंडला, एक्स-रे काढायला येणाऱ्याला आणि फिजिओलाही. सगळ्यांत जास्त मोडतो तो डॉक्टरांचा राउंड, कारण जास्त आजारी बाळ आधी बघायची सवय असते. निकड असेल तर पुढे बघावंच, पण मग गाऊन नि ग्लोव्ह तिथेच काढून हात घासून पुढे जायचं.

ग्लोव्हबद्दल वेगळं सांगते. ग्लोव्ह घातले की हात स्वच्छ झाले असं वाटतं, आणि त्याच ग्लोव्हने सक्शन, मग सलाईनचा नॉब, मग केस पेपर, मग खिशातला मोबाईल. ग्लोव्ह खाटेगणिक बदला, काढल्यावर पुन्हा हात घासा. उतरवताना आधी ग्लोव्ह, मग फेस शील्ड, मग गाऊन, शेवटी मास्क. आरएसव्ही डोळ्यांतूनही शिरतो, म्हणून बाळाचा चेहरा जवळ घेताना शील्ड हवीच.

नेब (नेब्युलायझरने औषधाचे तुषार देणं) कमी करा. ब्रॉन्किओलायटिसमध्ये साल्ब्युटामॉल नेबचा नेहमीच्या वापरात फायदा दिसलेला नाही, तरी सवयीने ऑर्डर लिहिली जाते. डॉक्टरांना प्रत्येक ऑर्डर पुन्हा बघायला लावा. दम्याच्या मुलांना पफ आणि स्पेसर, स्पेसर ज्याचा त्याचा. २००३ साली हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात सार्स १३८ जणांपर्यंत पोचला, त्यात पहिल्या रुग्णाला वॉर्डात दिलेलं नेब हे पसरण्याचं एक कारण मानलं गेलं.

आणि एक प्रश्न: १७ च्या बाळाला फिट्ससाठी मॉनिटर लावलाय का? प्रोब कुठून आणला?

इन्चार्ज_दुपारपाळी

एसपीओटूचं (रक्तातला ऑक्सिजन मोजायचं) पोर्टेबल मशीन एकच आहे, ट्रॉलीवर दोन्ही हॉलमध्ये फिरतं. प्रोब पुसतो, पण पायाला बांधायचा वेलक्रोचा कापडी पट्टा तोच. खाट ४ ला दर दोन तासांनी लावला जातो आणि १७ ला रात्री. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

संसर्ग_नियंत्रण

मग पहिला संशयित सापडला. पट्टा कापडी असल्यामुळे त्यावर विषाणू कमी वेळ टिकतो, पण त्यावर लाळ-शेंबूड ओला असेल तर तेवढा वेळ पुरतो, आणि पट्टा बांधताना मशीनच्या बटणांना तेच हात लागतात. कापडी पट्टे बंद करा. सिलिकॉनचे किंवा एकदा वापरून टाकायचे रॅप घ्या. पॉझिटिव्ह गटाला वेगळं मशीन मिळत नसेल तर बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर नको, तो तान्ह्या बाळाला नीट बसत नाही. त्यापेक्षा एचडीयूतला एक मॉनिटर बाहेर काढा. स्टेथो, थर्मामीटर, मेजरिंग टेप ज्याच्या त्याच्या खाटेला बांधून ठेवा.

हवा_खेळती

वायुवीजनाचं काम करतो, त्यामुळे औषधांबद्दल बोलणार नाही. पण खिडक्या बंद हे वाचून थांबलो.

हॉल २ चा उलगडा प्रोबने झाला असेल, पण एचडीयूची काळजी वेगळी आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, खोलीतलीच थंड करून परत सोडतो. चार बाळं, चार आया, दोन स्टाफ, दार बंद. म्हणजे सगळे एकमेकांनी सोडलेली हवाच घेत बसतात. १९७७ साली अलास्कात एक विमान ५४ जणांना घेऊन तीन तास जमिनीवर अडकलं, वायुवीजन बंद. आत एक जण फ्लूने आजारी होता. तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. आरएसव्हीपेक्षा फ्लूला आणि गोवराला हे जास्त लागू.

हिशोब असा. एचडीयू ६ गुणिले ५ मीटर, उंची ३ धरली तर ९० घनमीटर. जागतिक आरोग्य संघटना सामान्य वॉर्डसाठी रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा सांगते. चार रुग्णांना २४० लिटर, म्हणजे तासाला ८६४ घनमीटर, म्हणजे तासाला साडेनऊच्या वर वेळा हवा बदलली पाहिजे. एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडपा, धूळ धरून त्याचा ६० टक्के मोजा. म्हणजे खोक्यावर तासाला १४५० घनमीटरच्या आसपास लिहिलेला फॅन पाहिजे.

आणि फॅन बसवताना हमखास होणारी चूक: फॅन दाराच्या वर. मग दारातून आलेली हवा थेट वर जाऊन बाहेर पडते, पलीकडच्या कोपऱ्यातल्या खाटेपाशी काहीच हलत नाही. फॅन दाराच्या समोरच्या भिंतीला, बाळांच्या डोक्याच्या बाजूला, आणि हवा आत यायला दाराखाली फट किंवा जाळी. तपासायला मशीन लागत नाही. ऑक्सिजन बंद आणि लांब असताना, म्हणजे खोली रिकामी असताना, एक उदबत्ती दाराच्या फटीपाशी धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग प्रत्येक खाटेपाशी धरा. कुठे धूर सरळ वर जाऊन रेंगाळत असेल तर ती मेलेली जागा.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर मिळाला तर उत्तमच. बाहेर ४२० पीपीएमच्या आसपास असतं. आत ८०० च्या खाली ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या, हेपा प्युरिफायर लावला तर हवा गाळली जाते पण हा आकडा उतरत नाही.

हॉलच्या खिडक्या: झड एका बाजूने येते. ती बाजू बंद, पलीकडची उघडी, आणि वरच्या झडपा दोन्हीकडच्या उघड्या. छताचा पंखा हवा ढवळतो, बाहेर काढत नाही.

गोवराच्या खोलीकडे आधी बघा. तिथली हवा कॉरिडॉरमध्ये येत असेल तर आरएसव्हीपेक्षा मोठं प्रकरण होईल. तिथे एक्झॉस्ट बाहेरच्या भिंतीला आणि दार कायम बंद. खोली रिकामी झाल्यावर ९९ टक्के हवा साफ व्हायला तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर २३ मिनिटं, ६ वेळा असेल तर ४६, आणि २ वेळाच असेल तर सव्वादोन तासांच्या वर. तेवढा वेळ नवा रुग्ण नको, झाडूवालाही नको.

नाकातला_स्वॅब

फ्युमिगेशनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. करू नका. हॉल रिकामा करायला मुलं हलवावी लागतील, म्हणजे तुम्हीच संसर्ग तिसऱ्या वॉर्डात पोचवाल. फॉर्मॅलिनचा धूर तान्ह्या बाळांच्या श्वासनलिकेला वाईट, आणि पृष्ठभागावरचा शेंबूड तो पुसत नाही.

पुसा. आधी साबणाच्या पाण्याने, मगच हायपोक्लोराइट, कारण घाणीत क्लोरीन वाया जातं. ५ टक्क्यांच्या बाटलीतून ०.१ टक्का करायला १ भाग औषध, ४९ भाग पाणी. म्हणजे १० लिटरच्या बादलीला २०० मिली. उग्र वास आला म्हणजे ताकद आहे असं नसतं. स्टोअरच्या उन्हातल्या खिडकीत चार महिने ठेवलेल्या ५ टक्क्यांच्या बाटलीत ५ टक्के राहत नाही. द्रावण रोजचं रोज करा, झाकण घाला, फिनाइल किंवा ॲसिडमध्ये मिसळू नका. पुसल्यावर पृष्ठभाग निदान एक मिनिट ओला दिसला पाहिजे. लगेच कोरड्या फडक्याने पुसून टाकलं की केलेलं सगळं फुकट. खाटेगणिक फडकं नवं.

काय पुसायचं याची यादी मावशींना तोंडी सांगू नका, खाटेवर हात ठेवून दाखवा: बाजूचे कठडे, लॉकरचं हँडल, सलाईन स्टँड जिथे धरतो तो भाग, ऑक्सिजनच्या फ्लोमीटरचा नॉब, मॉनिटरची बटणं (यांना ७० टक्के अल्कोहोल, क्लोरीन नको), आणि सिस्टर टेबलावरचा फोन. फरशीवर जेवढा जोर असतो त्याच्या निम्मा इथे दिला तरी पुरे.

हॅन्डरबने आरएसव्ही, फ्लू, कोरोना हे मेदाचं आवरण असलेले विषाणू मरतात. तळहातभर घ्या, ३ मिलीच्या आसपास, आणि २० ते ३० सेकंद कोरडं होईपर्यंत चोळा. पण पॅनेलमध्ये (एकाच नमुन्यात अनेक विषाणू शोधणाऱ्या तपासणीत) अडिनो आला तर नियम बदलतो. त्याला आवरण नाही, अल्कोहोलला तो सहजी दाद देत नाही, कोरड्या पृष्ठभागावर आठवडे टिकतो. तेव्हा साबण-पाणी आणि क्लोरीन. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आरओपीसाठी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांचा आजार) डोळे तपासायला येतात त्या भिंगांकडे बघा. २०१६ साली फिलाडेल्फियाच्या एका एनआयसीयूत डोळे तपासण्याच्या उपकरणांवरून २३ बाळांना अडिनो झाला होता.

स्वॅबचं: नाकपुडीपासून कानापर्यंतचं अंतर मोजून त्याच्या निम्म्याच्या आसपास आत, फिरवून काही सेकंद थांबून बाहेर. व्हीटीएम (स्वॅब ठेवायच्या द्रावणाची नळी) २ ते ८ अंशांवर, ७२ तासांच्या आत लॅबला. बर्फ नसलेल्या डब्यातून दुपारी निघालेला नमुना निगेटिव्ह आला तर त्यावर विश्वास ठेवू नका. फ्लूची रॅपिड अँटिजेन कार्डं बरेच पॉझिटिव्ह सोडतात. कार्ड निगेटिव्ह म्हणून मुलाला संपर्क गटात टाकू नका, पीसीआरची वाट बघा.

कॉरिडॉर

नातेवाइकांना पूर्ण बंदी ही बालरुग्ण वॉर्डात चालणार नाही. दूध कोण पाजणार? पण त्यांच्याकडे दुर्लक्षही नको.

२०१५ साली दक्षिण कोरियात मर्सचे (कोरोनाच्या कुळातला श्वसनाचा आजार) १८६ रुग्ण झाले, ३८ दगावले. सोलच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात एकच रुग्ण तीन दिवस होता. त्याच्यापासून ८२ जणांना लागण झाली: ३३ रुग्ण, ८ कर्मचारी आणि ४१ नातेवाईक-भेटीला आलेले. विषाणू वेगळा, पण तिथेही आपल्यासारखंच घरचं माणूस खाटेशेजारी बसून सेवा करतं. म्हणजे वॉर्डाची मोजणी करताना २४ खाटा म्हणजे २४ जण नव्हेत, ५० च्या वर माणसं.

दुपारी एकला कॉरिडॉरमध्ये उभं राहून बघा. दोन्ही हॉलच्या बायका डबे उघडून एकत्र बसतात. “जरा धरा हो हिला, पाणी भरून आणते,” म्हणत बाळ दुसरीच्या मांडीवर जातं. ४ चं बाळ १७ च्या आईच्या मांडीवर गेलं नसेल कशावरून? प्रोबबरोबर हेही विचारून घ्या.

त्यामुळे: एका बाळामागे एकच माणूस, दिवसभर तेच. पाळी बदलायची तर २४ तासांनी, रजिस्टरमध्ये नाव लिहून. बाळ दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हे प्रत्येकीला वेगळं सांगायचं, पाटी लावून भागत नाही. डबा खाटेपाशी. रोज सकाळी तीन प्रश्न: नाक वाहतंय का, घसा धरलाय का, काल ताप होता का. आईलाच सर्दी असेल तर दूध बंद नाही, मास्क लावून आणि हात धुऊन पाजायचं. लहान भावंडं वॉर्डात नकोत, अगदी रडली तरी.

आणि स्टाफ. मोठ्यांचा आरएसव्ही म्हणजे साधी सर्दी, म्हणून कुणी सुट्टी घेत नाही. कंत्राटी मावशी-मामांचा तर खाडा झाला की रोज कापला जातो, मग पॅरासिटामॉल घेऊन येतात आणि ताप दबून राहतो. “आजारी असाल तर येऊ नका” असा कागद त्यांच्यासमोर फिरवण्यात अर्थ नाही. इन्चार्जच्या हातात आहे ते करा: सर्दी असलेल्याला दोन-तीन दिवस लिनन मोजणी, स्टोअर, रेकॉर्ड अशी बाळांपासून लांबची कामं द्या, हजेरी लागू द्या. चहाची खोली विसरू नका. वॉर्डात मास्क घालणारे तिथे सहा जण एका बाकावर मास्क काढून बसतात.

इन्चार्ज_दुपारपाळी

सगळ्यांचे आभार. कॉरिडॉर, विचारलं. दोघींची ओळख आहे, मांडीवर घेतल्याचं नक्की आठवत नाही म्हणतात. दोन शेवटचे प्रश्न. यातला एखादा फ्लू निघाला तर काय बदलेल? आणि हॉल १ मध्ये नवी भरती परत कधी सुरू करायची?

नाकातला_स्वॅब

फ्लू निघाला तर घड्याळ पुढे सरकतं. अधिशयन काळ १ ते ४ दिवस, आणि लक्षणांच्या एक दिवस आधीपासून तो पसरतो. त्याला औषध आहे. जोखमीच्या संपर्कातल्यांना ओसेल्टामिविर प्रतिबंधक म्हणून द्यायचं का हे डॉक्टरांनी त्याच दिवशी ठरवायचं. मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, मुलांना वजनावर. आरएसव्हीला संपर्कानंतर द्यायचं असं औषध नाही, तिथे सगळी भिस्त हातांवर. फ्लूची लस उद्रेकाच्या आठवड्यात उपयोगी पडत नाही, संरक्षण यायला दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लू जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात असा दोनदा चढतो, म्हणून स्टाफची लस मेमध्येच टोचून घ्या.

संसर्ग_नियंत्रण

भरतीबद्दल. उद्रेक संपला असं लिहायला दोन पूर्ण अधिशयन काळ नव्या केसशिवाय गेले पाहिजेत, आरएसव्हीसाठी १६ दिवस. पण नवी भरती तेवढे दिवस रोखायची गरज नाही. संपर्कातल्या मुलांना शेवटच्या संपर्कापासून ८ दिवस बघा, त्यांच्या बाजूला नवं मूल ठेवू नका. ज्यांना घरी पाठवता येईल त्यांना लवकर पाठवा, हाच गर्दी कमी करायचा सर्वांत सोपा मार्ग. कार्डावर ठळक लिहून द्या: ८ दिवसांत खोकला, दूध कमी पिणं किंवा श्वास जलद झाला तर परत या. मिनिटाला श्वास दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे जलद. आईला घड्याळ लावून एकदा मोजून दाखवा.

पॉझिटिव्ह बाळांचे स्वॅब पुन्हा पुन्हा पाठवू नका. तान्ह्या बाळांच्या नाकात हा विषाणू कधीकधी तीन-चार आठवडे सापडतो. रिपोर्ट निगेटिव्ह येण्याची वाट बघाल तर खाट अडकून राहील. आजार असेपर्यंत खबरदारी, बरं झालं की डिस्चार्ज.

एक शेवटची चूक टाळा: १६ दिवस रिपोर्टच्या तारखेपासून मोजू नका, शेवटच्या बाळाला खोकला सुरू झाला त्या तारखेपासून मोजा. त्यासाठी आजच एक कागद करा: खाट क्रमांक, दाखल तारीख, लक्षण सुरू झाल्याची तारीख, स्वॅबची तारीख, खाट बदलली असेल तर कधी आणि कुठून कुठे. शेवटचा रकाना भरायचा बहुतेक जण विसरतात. आज लाल टेपपलीकडे तुम्ही तीन बाळं हलवाल ना, ती हलवाहलवी पहिली नोंद म्हणून टाका.